सनद कुळाची, सनद सचोटीची
(प्रस्तावना)

खानदेशातल्या जुन्या घरात माळ्यावरची ट्रंक खाली उतरवली, की तळाशी फडक्यात गुंडाळलेला एखादा कागद निघतो. घरातले वडीलधारे तो जपून उलगडतात आणि सांगतात, ही आपली सनद. कुणाची पाटीलकीची, कुणाची देशमुखीची, कुणाची काझीपणाची, कुणाची दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी मिळालेल्या इनाम जमिनीची. कागदावरची लिपी घरात आता कुणालाच लागत नाही, पण अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो: आपण अमक्याच्या वंशातले, म्हणून हे आपले. 1852 साली इंग्रज सरकारचे इनाम कमिशन अशा सनदा तपासायला बसले, तेव्हा अस्सल कोणती आणि बनावट कोणती हा प्रश्न कितीतरी घरांच्या पोटापाण्याचा होऊन बसला.

याच शब्दाला दुसराही एक अर्थ आहे, आणि तो मराठी वाचकाला फारसा ठाऊक नाही. मूळ अरबीत सनद म्हणजे टेकू, आधार. हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे माणसांची साखळी. ही गोष्ट मी अमक्याकडून ऐकली, त्याने तमक्याकडून, त्याने प्रेषितांच्या सोबत्याकडून आणि सोबत्याने खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या तोंडून, अशी ती कडी-कडीने मागे जाते. ट्रंकेतली सनद विचारते, तुझा बाप कोण? हदीसची सनद विचारते, तू खरे बोलतोस का, तुझी आठवण धड आहे का, आणि ज्याचे नाव सांगतोस त्याला तू खरोखर भेटला होतास का? या पुस्तकाचा विषय म्हणजे या दोन सनदांमधला जुना झगडा आहे, असे मी समजतो.

पुस्तकाचा एक भाग वंश आणि वर्ण यांबाबतच्या इस्लामी समतेचा आहे. दुसरा हदीसच्या विश्वसनीयतेचा. एक विषय व्याख्यानाचा, दुसरा अभ्यासिकेतला. त्यांची सांगड कशाला, असे वाचकाला वाटेल. उत्तर कुरआनच्या 49व्या अध्यायात आहे. सूरह अल-हुजुरात अवघ्या 18 आयतींची. सहाव्या आयतीत बजावले आहे की बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचे तरी नुकसान करून बसाल. अकराव्या आयतीत एका गटाने दुसऱ्याची टवाळी करू नये, टोपणनावांनी हिणवू नये असे सांगितले आहे. आणि तेराव्यात ती प्रसिद्ध शिकवण येते: तुम्ही सगळे एका पुरुष-स्त्रीची लेकरे, कुळे आणि जमाती एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, आणि अल्लाहपाशी मान त्याला जो जास्त पापभीरू. बातमीची तपासणी आणि माणसाची प्रतिष्ठा यांच्यात कुरआनने सात आयतींचे अंतर ठेवले आहे. ते का, हे पुढे येईल.

आधी हदीसविषयी थोडे. कुरआन हा इस्लामचा पहिला आधार. प्रेषितांचे बोलणे, वागणे आणि मूकसंमती यांचे वृत्तांत हा दुसरा. प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात: सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, आणि मतन, म्हणजे मजकूर. सांगणारा तो रावी. साखळी अखंड, प्रत्येक रावी सचोटीचा आणि पक्क्या आठवणीचा, मजकूर इतर भरवशाच्या वृत्तांतांशी जुळणारा आणि छुप्या दोषापासून मुक्त, असे असेल तर ती सहीह. थोडी कमी बळकट ती हसन, त्याहून लंगडी ती जईफ, आणि रचलेली ती मौजू. रावींची चरित्रे, त्यांचे जन्म-मृत्यू, प्रवास, गुरू, विसराळूपणा, म्हातारपणी ढळलेली आठवण, हे सगळे नोंदवणारे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. इमाम बुखारी (मृत्यू 870) यांच्या संग्रहात पुनरुक्ती धरून सात हजारांवर हदीस आहेत. त्यांनी बाजूला ठेवलेल्या रिवायती, म्हणजे सांगीवांगीने आलेले वृत्तांत, याच्या कितीतरी पट. त्यांचे समकालीन इमाम मुस्लिम (मृत्यू 875) यांनी आपल्या संग्रहाला मुकद्दमा जोडला. मुकद्दमा म्हणजे प्रस्तावनाच, आणि तिचा विषय एकच: कुणाचे ऐकावे आणि कुणाचे ऐकू नये. शिया परंपरेचे संग्रह आणि रावींच्या कसोट्या वेगळ्या आहेत. या पुस्तकातला विचार मुख्यतः सुन्नी परंपरेपुरता आहे.

मराठी माणसाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. संत एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तो लोकांनी हौसेने घातलेली भर काढून टाकण्यासाठीच. तुकोबांच्या नावावरचे किती अभंग तुकोबांचे, हा वाद अजून मिटलेला नाही. शेवटी नाममुद्रा घातली की अभंग संताचा होतो, ही सोय आपल्याकडेही पुष्कळांनी वापरली. आणि खानदेशात तर या कामाचे दैवतच आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींना अस्सल पत्रांसमोर उभे करून त्यांची उलटतपासणी घेतली. कानावर आलेली गोष्ट रंगतदार असली म्हणून खरी ठरत नाही, हा त्यांचा हट्ट. ते 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. तिथल्या दप्तरांत कागद उलगडणारा माणूस आणि नवव्या शतकात निशापूरला रावींची नावे पडताळणारा माणूस, दोघांची जातकुळी एकच.

तोंडी आलेला शब्द मात्र कागदाहून अवघड. त्याचाही दाखला घरचाच आहे. असोद्याची लेक आणि जळगावची सून बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्यांच्या तोंडून आलेली गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी ऐकली, उतरवून घेतली. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी महाराष्ट्रापुढे आली. आज आपण ती निःशंकपणे बहिणाबाईंची म्हणतो, कारण सांगणारा कोण आणि त्याने कुणाकडून ऐकले हे आपल्याला ठाऊक आहे. मध्ये दोनच कड्या आहेत, आणि दोन्ही भरवशाच्या. हदीसच्या अभ्यासकापुढे कड्या पाच-सहा असतात, एवढाच फरक.

आता मुख्य मुद्दा. या साखळीतली माणसे कोण होती? हदीसच्या जगात एका सनदेला सोन्याची साखळी म्हणतात: मालिक, त्यांनी नाफेकडून, त्यांनी अब्दुल्लाह इब्न उमर यांच्याकडून. बुखारींच्या मते सर्वांत खणखणीत सनद हीच. तिच्या एका टोकाला मदीनेचे थोर इमाम, दुसऱ्या टोकाला खलीफा उमर यांचे पुत्र. आणि मधली कडी, नाफे, हे इब्न उमर यांचे गुलाम. पुढे मुक्त झालेले. इकरिमा हे इब्न अब्बास यांचे गुलाम, वंशाने बर्बर. मक्केत हजच्या विधींबाबत ज्यांचा शब्द अखेरचा मानला जाई ते अता इब्न अबी रबाह वर्णाने काळे आणि पायाने अधू होते. सनद हा धर्माचाच भाग आहे, असे बजावणारे अब्दुल्लाह इब्न मुबारक (मृत्यू 797) हे एका तुर्क गुलामाचे चिरंजीव. बुखारींचे पूर्वज इराणी अग्निपूजक होते. न्यायालयातली साक्ष आणि हदीसची रिवायत यांत फकीहांनी, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडितांनी, मुद्दाम फरक केला: साक्षीच्या बाबतीत गुलामावर आणि स्त्रीवर जी बंधने त्यांनी घातली, ती रिवायतीला लावली नाहीत. गुलामाने सांगितलेली हदीस स्वतंत्र माणसाच्या हदीसइतकीच वजनदार. कुळाचा अभिमान ज्या समाजाच्या हाडीमाशी भिनलेला, त्या समाजाने आपल्या धर्माचा दुसरा आधार कुळ न पाहता सोपवला, तो केवळ सचोटी पाहून. समतेवरची दहा व्याख्याने एकीकडे आणि ही एक गोष्ट दुसरीकडे.

म्हणूनच समतेची बाजू मांडणाऱ्याने तपासणीला घाबरू नये. उलट, तपासणी केल्यावर हाती काय उरते ते पाहावे. चार उदाहरणे घेऊ.

पहिले, निरोपाच्या हजचे प्रवचन. हिजरी 10, म्हणजे इसवी सन 632. अरबाला बिगर-अरबावर, बिगर-अरबाला अरबावर, गोऱ्याला काळ्यावर आणि काळ्याला गोऱ्यावर श्रेष्ठत्व नाही, असेल तर ते पापभीरूपणाने, हे वचन जगभर याच प्रवचनाच्या नावे सांगितले जाते. मिलादच्या फलकांवर आणि शाळेच्या भाषणांत जे 'अखेरचे प्रवचन' सलग छापलेले असते, ते मात्र कोणत्याही एका सनदेने आलेले नाही. अरफातच्या मैदानावरचे भाषण मुस्लिमच्या संग्रहात सोबती जाबिर यांच्याकडून आले आहे. त्यात हे वाक्य नाही. ते इमाम अहमद (मृत्यू 855) यांच्या 'मुसनद' या संग्रहात आहे, अबू नजरा या बसऱ्याच्या रावीकडून. आणि ते अरफातचे नसून नंतरच्या तशरीकच्या दिवसांतले आहे. ज्या सोबत्याकडून अबू नजरांनी ऐकले त्याचे नाव साखळीत नाही. सुन्नी शास्त्रात सोबत्याचे नाव ठाऊक नसल्याने सनद बिघडत नाही, आणि अलीकडच्या परीक्षकांनीही ही रिवायत सहीह ठरवली आहे. म्हणजे वचन टिकले. फक्त त्याची जागा आणि दिवस नीट कळला. जाबिर यांच्या रिवायतीत मात्र दुसरे एक रत्न आहे. अज्ञानकाळातली, म्हणजे इस्लामपूर्व काळातली, रक्ताची वैरे आणि व्याजाची येणी रद्द करताना प्रेषितांनी पहिली काट मारली ती स्वतःच्या भाऊबंदांच्या रक्तावर आणि स्वतःचे चुलते अब्बास यांच्या व्याजावर. सुधारणा आपल्या घरापासून, हे बोलून नव्हे, करून दाखवले.

दुसरे, प्रेषितांचे सोबती अबू जर यांची गोष्ट. त्यांनी दुसरे सोबती बिलाल यांना काळ्या बाईचा पोर म्हणून हिणवले, प्रेषित संतापले, आणि अबू जर यांनी पश्चात्तापाने गाल मातीत टेकून बिलाल यांना त्यावर पाय द्यायला सांगितले, असे वाझमध्ये, म्हणजे धर्मप्रवचनांत, सांगतात. बुखारीत प्रसंग आहे, पण मोजका. अबू जर यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. प्रेषितांनी त्यांना सुनावले की तुझ्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक आहे, आणि हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत, तुम्ही खाता-लेता तेच त्यांना द्या. त्या माणसाचे नाव तिथे नाही. बिलाल यांचे नाव आणि गालाचा प्रसंग कमी बळकट रिवायतींत येतो. पण भरजरी कपडे उतरवल्यावरही मूळ शरीर केवढे भक्कम आहे पाहा. थोर सोबत्यालाही तोंडावर सुनावले जाते, हे सहीह आहे.

तिसरे, बिलाल यांचा उच्चार. ते हबशी, म्हणून त्यांना 'श' म्हणता येत नसे, 'स' म्हणत. पण अल्लाहपाशी त्यांचा 'स' हाच 'श', अशी गोड कथा आहे. चौदाव्या शतकातले हदीस-परीक्षक मिज्जी आणि त्यांचे जावई इब्न कसीर या दोघांनीही सांगितले की हिला काही मूळ नाही. कथा रचणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण बिलाल यांचा कौल अस्सल कागदात आहे. हिजरी 8 मध्ये मक्का हाती आल्यावर काबागृहावरून अजान देण्याचा मान त्यांना मिळाला. आवाज चांगला म्हणूनच तो मान होता. उच्चाराची कणव त्यात घालणे म्हणजे मान देता देता माणसाला थोडे खाली बसवणे. दयेच्या गोष्टीतही उतरंड लपलेली असते.

चौथे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे, कारण ते आपल्या दाराशी येते. अरब परस्परांच्या तोडीचे, बिगर-अरब परस्परांच्या तोडीचे, अपवाद विणकर आणि हजाम यांचा, अशा अर्थाची एक रिवायत आहे. सोयरिकीत बरोबरी पाहावी या नियमाला, म्हणजे कफाअतीला, तिचा आधार घेतला जाई. इब्न हजर (मृत्यू 1449) यांनी ती आपल्या 'बुलूगुल मराम' या संग्रहात नोंदवली आणि लगेच शेरा मारला की साखळीत एका रावीचे नावच नाही, आणि परीक्षक अबू हातिम यांनी ती नाकारली आहे. आणि मग तिच्याच शेजारी दोन हदीस ठेवल्या. एकीत कुरैशी घराण्यातल्या फातिमा बिन्त कैस यांना प्रेषित सुचवतात की उसामाशी लग्न कर. उसामा हे मुक्त गुलामाचे पुत्र. दुसरीत एका मातबर जमातीला सांगतात की अबू हिंदला मुली द्या आणि त्याच्या मुली करा. अबू हिंद यांचा धंदा शिंगी लावून रक्त काढण्याचा, म्हणजे हजामाचाच. एका पानावर खोटी आणि खऱ्या समोरासमोर. लांबलचक वाद न घालता इब्न हजर यांनी निकाल देऊन टाकला.

काळ्या लोकांची निंदा करणाऱ्या रिवायतींचेही असेच झाले. इब्नुल जौजी (मृत्यू 1201) यांनी त्यांतल्या अनेक बनावट हदीसच्या संग्रहात घातल्या, शिवाय हबशी लोकांच्या गुणगौरवाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इब्नुल कय्यिम (मृत्यू 1350) यांनी तर सरसकट कसोटीच दिली: हबशी आणि काळ्यांच्या निंदेची हदीस दिसली की ती खोटी समजा. आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या सात आयतींच्या अंतराकडे परत जाऊ. खोटी बातमी बहुधा कुणाला तरी खाली ढकलण्यासाठी जन्माला येते. म्हणून बातमी तपासणे आणि माणसाचा मान राखणे ही दोन कामे नाहीत.

खानदेशाचा या कहाणीशी संबंध केवळ उपमेचा नाही. तापीकाठी शिरपूर तालुक्यात थाळनेर आहे. तिथे फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. मलिक राजाने तिथून खानदेशाचे राज्य उभे केले, त्याचा मुलगा नसीर खान याने बुऱ्हाणपूर वसवले, आणि 1601 साली अकबराने असीरगड घेईपर्यंत ते राज्य टिकले. फारुकी हे नाव त्यांनी का लावले? आपला वंश खलीफा उमर फारुक यांच्यापर्यंत जातो, हा त्यांचा दावा. म्हणजे ट्रंकेतलीच सनद, फक्त राजाच्या घरची. गंमत अशी की बुखारीत याच उमर यांचे एक बोलणे आहे. त्यात ते अबू बकर यांना आपले सरदार म्हणतात आणि त्यांनी आपल्या दुसऱ्या सरदाराला मुक्त केले, असे सांगतात. तो दुसरा सरदार म्हणजे बिलाल. ज्यांच्या वंशाचा टेंभा मिरवायचा, त्यांनी स्वतः एका मुक्त हबशी गुलामाला सरदार म्हटले होते.

त्याच बुऱ्हाणपुरात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, अली मुत्तकी जन्मले. मुलतान, गुजरात असे करत ते मक्केला जाऊन राहिले आणि 1567 साली तिथेच वारले. मक्केत त्यांना 'हिंदी' म्हणत. हदीसपंडित सुयूती यांचे विस्कळीत महासंग्रह विषयवार लावून त्यांनी 'कन्जुल उम्माल' सिद्ध केला: 46 हजारांवर हदीस, प्रत्येकीपुढे ती कोणत्या मूळ ग्रंथातली याची खूण. त्यात सहीह आहे, लंगडे आहे, टाकाऊही आहे. कारण हेतू सगळे एका जागी आणून खूण लावण्याचा होता, पारखण्याचे काम वाचकावर होते. ते पारखण्याचे काम त्यांच्याच शिष्याने केले. गुजरातेतल्या पाटणचे मुहम्मद ताहिर (मृत्यू 1578), बोहरा व्यापारी समाजातले, यांनी बनावट हदीसवर 'तज्किरतुल मौजूआत' लिहिला. खानदेशच्या राजधानीत जन्मलेला गुरू आणि पाटणचा शिष्य. दोघेही अरब नाहीत, आणि अरबस्तानातले विद्वान त्यांचे ग्रंथ आजही उघडतात.

पण बुऱ्हाणपूरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. औरंगजेबाच्या आज्ञेने जो 'फतावा-ए-आलमगिरी' रचला गेला, त्या मंडळाचे प्रमुख शेख निजाम हेही बुऱ्हाणपूरचे. त्यात कफाअतीचे प्रकरण आहे, आणि हनफी या कायदेपंथाच्या जुन्या ग्रंथांच्या आधाराने तिथे सांगितले आहे की हजाम, विणकर, झाडूवाला आणि कातडे कमावणारा हे अत्तरवाल्याच्या किंवा कापडवाल्याच्या तोडीचे नव्हेत. इमाम मालिक यांनी बरोबरी पाहायची तर धर्मनिष्ठेत पाहा म्हटले होते; पण हिंदुस्थानात चालला तो हनफी रिवाज, आणि इथली जातीची उतरंड त्याच्या शेजारी आरामात मांडी घालून बसली. हदीसचे परीक्षक जी रिवायत बाद करतात, तिचा वास कायद्याच्या पुस्तकात रेंगाळतो तो असा. दरबारही यातून सुटला नाही. गुलाम म्हणून दख्खनला आणलेल्या मलिक अंबरने निजामशाही सांभाळली, मोगलांना जेरीस आणले. जहांगीर बादशाहाला हे इतके झोंबले की आठवणींत त्याच्या रंगावरून शिव्या लिहिल्या आणि त्याच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडतो आहोत असे चित्र काढून घेतले. प्रत्यक्षात अंबर 1626 साली अंथरुणावर मेला. त्याची कबर खुलताबादेत आहे.

आजच्या जळगाव-धुळ्यात या. पिंजारी, मन्यार, बागवान, तांबोळी, खाटीक, अत्तार, मोमीन, फकीर: बिरादऱ्यांची यादी बलुतेदारांच्या यादीला लागून चालते. मशिदीत सफ एकच. खांद्याला खांदा, पायाला पाय लावून सगळे उभे राहतात, आणि तिथे कुणी कुणाला मागे सर म्हणत नाही. सोयरीक जुळवताना मात्र पहिला प्रश्न बिरादरीचा. यावल, रावेर, चोपडा भागातले सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी हे भिल्ल मुळाचे मुसलमान. कलमा एकच, किब्ला एकच. पण त्यांच्याशी सोयरिकीचा विषय निघाला की शहरातल्या किती शेख-सय्यदांच्या घरी बैठक लवकर उठते, हे ज्याचे त्याने आठवावे. राज्यघटनेने तडव्यांना अनुसूचित जमातींत मोजले, कारण जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. 1950च्या अनुसूचित जातींच्या आदेशात मात्र धर्माची अट आहे. सफाईचे काम करणाऱ्या मुसलमान हलालखोराला त्या यादीत जागा नाही, कारण मुसलमानांत जातच नाही, असे मानले गेले. डॉ. आंबेडकरांनी 1940च्या 'पाकिस्तान'वरील ग्रंथात 1901च्या बंगाल जनगणनेचा हवाला देऊन अशराफ, अजलाफ, अरजाल हे वरपासून खालपर्यंतचे थर दाखवले होते. सच्चर समितीलाही 2006च्या अहवालात तेच शब्द वापरावे लागले. महाराष्ट्रात जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर आले. आमच्यात जात नाही म्हणणाऱ्यांना ती आवडली नाही. पण दुखणे नाकारून औषध मिळत नाही.

प्रतिपक्षाचेही ऐकले पाहिजे. पाश्चात्त्य अभ्यासकांपैकी गोल्डझिहर यांनी 1890च्या सुमारास आणि शाख्त यांनी 1950 साली मांडले की बऱ्याच हदीस नंतरच्या वादांतून निपजल्या आणि सनदा मागाहून चिकटवल्या गेल्या. मुस्तफा आजमींसारख्या मुस्लिम विद्वानांनी जुनी लिखित टिपणे पुढे करून त्यांना उत्तर दिले. हा वाद संपलेला नाही, आणि या पुस्तकाने तो संपल्याचा आव आणू नये. दुसरे, समतेच्या बाजूची म्हणून सांगितली जाणारी एक सहीह हदीस अशी की मनुक्यासारख्या डोक्याचा हबशी गुलाम अधिकारी नेमला तरी त्याची आज्ञा पाळा. शिकवण समतेची, पण उपमेत त्या समाजाची नजर दिसते. गुलामी इस्लामने एका घावात मोडली नाही. मुक्तीला पुण्य ठरवले, प्रायश्चित्तांत गोवले, आणि व्यापार पुढे शतकानुशतके चालला. हे झाकून जो समतेचा गौरव करतो, तो बिलाल यांच्या उच्चाराची कथा सांगणाऱ्याच्याच पंगतीला बसतो.

मराठीत या विषयाला पूर्वज आहेत. जोतीराव फुल्यांनी मुहम्मदांवर काव्य रचले. अमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहून प्रेषितांचे चरित्र मराठी घरांत नेले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गुरुजी ज्यांची गीतेवरची प्रवचने उतरवून घेत होते, त्या विनोबांनी पुढे अरबीतून कुरआन अभ्यासून 'कुराण-सार' काढले. 'गीता प्रवचने'ची सनदही मोठी स्वच्छ आहे: बोलणारे विनोबा, लिहिणारे साने गुरुजी, जागा धुळे जेल. या सगळ्यांनी प्रेम आणले. चिकित्सेचा भाग मराठीत मागे राहिला होता. हे पुस्तक तो पुढे आणते, म्हणून त्याचे स्वागत.

वाचकाला एकच सांगणे आहे. मोबाइलवर रोज हदीस येतात, सुंदर अक्षरांत, फुलांच्या चौकटीत, आणि त्यांच्याखाली ना ग्रंथाचे नाव असते ना रावीचे. पुढे पाठवण्याआधी सनद विचारा. आणि तिच्यामुळे कुणी माणूस लहान होत असेल तर दोनदा विचारा. मुसलमान नसलेल्या वाचकानेही हे पथ्य पाळावे, कारण इस्लामविषयीच्या खोट्या बातम्याही त्याच मोबाइलवर येतात.

सनद हा धर्माचाच भाग म्हणणारे ते गुलामपुत्र, अब्दुल्लाह इब्न मुबारक, यांचा 'किताबुज्जुहद वर्रकाइक' हा ग्रंथ शतकानुशतके हस्तलिखितांत पडून होता. मऊ या उत्तर प्रदेशातल्या विणकरांच्या गावच्या मौलाना हबीबुर रहमान आजमींनी त्याचे संपादन केले. 1966 साली तो प्रसिद्ध झाला. प्रकाशक होती मजलिस इहया-उल-मआरिफ, आणि गाव होते धुळ्याच्या अलीकडचे मालेगाव, जिथे मागांचा खडखडाट थांबत नाही.